दिवाणी दाव्याची एक तारीख सरकारला केवढ्याला पडते?

नाशिकला सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात सकाळी अकराच्या आसपास गेलात, तर कोर्टाच्या दाराशी त्या दिवसाचा बोर्ड लागलेला दिसेल. आता तो मोबाइलवरही दिसतो, पण गावाकडून आलेल्या पक्षकाराला दाराशी जाऊन बोटाने आपलं नाव शोधल्याशिवाय चैन पडत नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या बोर्डावर पन्नास-साठ प्रकरणं असली, तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पुकारा होतो. कुणाची कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, यायची असते, कुणाचा साक्षीदार आलेला नसतो, कुणाचं समन्सच बजावलेलं नसतं. रोजनाम्यात दोन ओळी पडतात आणि पुढची तारीख मिळते.

या दोन-तीन मिनिटांनाही पैसे पडतात. किती, ते ढोबळ मानाने काढता येतं. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानुसार नव्याने रुजू झालेल्या दिवाणी न्यायाधीशाचं मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, निवास, निवृत्तिवेतनाची तरतूद. शिवाय न्यायाधीश एकटे काम करत नाहीत. बेंच क्लार्क, स्टेनो, कारकून, बेलीफ, शिपाई हे सगळे त्या एका खुर्चीभोवती असतात, आणि वीज, कागद, इमारतीची देखभाल वेगळीच. हे सगळं मिळून एका कोर्टाचा महिन्याचा खर्च चार लाख रुपये धरू. हा आकडा हिशेबापुरता मी धरलेला आहे, तुम्ही कमी-जास्त करून बघा. महिन्याचे वीस दिवस, रोज पाच तास न्यायासनावर, म्हणजे शंभर तास. तासाला चार हजार, मिनिटाला साधारण सदुसष्ट रुपये. तीन मिनिटांची तारीख सरकारला दोनशे रुपयांना पडली.

दोनशे रुपये म्हणजे काहीच नाही. पण साठपैकी पंचेचाळीस प्रकरणांत नुसती तारीखच पडली, तर दिवसाचे नऊ हजार गेले आणि सव्वादोन तास गेले. उरलेल्या पंधरा प्रकरणांत उलटतपास नोंदवायला, युक्तिवाद ऐकायला पावणेतीन तास राहिले. निकालपत्र लिहायचं ते मग रात्री घरी किंवा रविवारी.

पक्षकाराचा खर्च याहून मोठा आहे. बंगळुरूच्या 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये देशभरातल्या पक्षकारांची पाहणी केली होती. दिवाणी दाव्यातला माणूस कोर्टाच्या एका दिवसासाठी सरासरी ४९७ रुपये खर्च करतो आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या कमाईपोटी त्याचे ८४४ रुपये जातात, असं त्यात आढळलं. वकिलाची फी त्यात धरलेली नाही. पण इथे आपण पक्षकाराच्या खिशापेक्षा सरकारी तिजोरीकडे बघणार आहोत, कारण 'प्रक्रिया सुधारा, म्हणजे झालं' असं म्हणताना तिजोरीचा विषय फारसा निघत नाही. नियम बदलायला काय लागतं? राजपत्रात चार ओळी.

नियम फुकट, अंमल विकत

आपल्या दिवाणी दाव्यांचा सगळा कारभार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेवर चालतो. तिच्यात १९७६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, नंतर १९९९ मध्ये. या दुसऱ्या दुरुस्तीला देशभरातल्या वकिलांनी इतका विरोध केला की ती अडून राहिली, आणि २००२ च्या दुरुस्तीसह १ जुलै २००२ पासून लागू झाली. तिने काय केलं? समन्स दावा दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत निघालं पाहिजे. प्रतिवादीने ते मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत कैफियत द्यावी. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी नाही. साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली जबानी, तोंडी न घेता प्रतिज्ञापत्रावर घ्यावा. आणि कलम ८९ नुसार, तडजोड होण्याजोगं प्रकरण मध्यस्थी, लोकअदालत अशा मार्गांकडे पाठवावं.

ऐकायला एकही नियम वावगा नाही. आता यातला अगदी पहिला नियम जमिनीवर कसा चालतो ते पाहू.

समन्स निघतं म्हणजे ते समन्स-वॉरंट वाटून देणाऱ्या नाझराच्या टेबलावरून बेलीफाच्या पिशवीत जातं. वादीने प्रोसेस फी भरलेली असते. बेलीफ एसटीने किंवा स्वतःच्या दुचाकीवर गावात जातो, गावातून मळ्यातल्या वस्तीवर. प्रतिवादी नुकताच 'लासलगावला गेलाय'. घरातली बाई कागद हातात घेत नाही. बेलीफ शेरा मारतो, 'घरी मिळून आले नाहीत'. कोर्टात तारीख पडते, दुसरं समन्स निघतं. शेवटी दाराला चिकटवायची वेळ आली की पंच लागतात, आणि भाऊबंदकीच्या दाव्यात पंच म्हणून सही करायला शेजारी पुढे येत नाही, कारण उद्या त्याचाच बांध मोजायचा असतो. त्याच दिवशी त्याच बेलीफाच्या पिशवीत आणखी दहा-पंधरा गावांचे कागद असतात. जप्तीचं वॉरंट असेल, तर अख्खा दिवस त्यातच जातो.

कायद्याने मुदत ३० दिवसांवर आणली, बेलीफ वाढवले नाहीत. त्याच्या हातात आता मोबाइल आहे. एन-स्टेप नावाच्या यंत्रणेत तो दाराशी उभा राहून जागेची नोंद आणि फोटो टाकू शकतो. त्यामुळे 'जाऊन आलो' म्हणून झाडाखाली बसून शेरा लिहिण्याची सोय गेली, हा मोठाच फायदा. पण फोन त्याला निफाडहून चांदवडला नेत नाही.

आता कैफियतीची ९० दिवसांची मुदत घ्या. ती संपली की वादीचा वकील अर्ज देतो आणि कोर्ट कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा आदेश करतं. 'नो डब्ल्यूएस' (डब्ल्यूएस म्हणजे रिटन स्टेटमेंट, कैफियत) झालं, असं वकिलांच्या खोलीत म्हणतात. मग प्रतिवादी जागा होतो. तो आदेश रद्द करण्यासाठी अर्ज, सोबत विलंब माफीचा अर्ज. त्यावर समोरच्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जातो. से देण्यासाठी तारीख, अर्जावर युक्तिवादासाठी तारीख, आदेशासाठी तारीख. कोर्ट हजार-दोन हजार रुपये खर्च बसवून कैफियत घेतं, किंवा घेत नाही. नाही घेतली, तर रिट याचिका मुंबईला उच्च न्यायालयात जाते. दावा लवकर निकाली निघावा म्हणून केलेल्या नियमातून, मूळ दाव्याशी काही संबंध नसलेलं एक छोटं प्रकरण जन्माला आलं. त्यासाठी लागलेली न्यायाधीशांची मिनिटं वर काढलेल्या सदुसष्ट रुपयांच्याच दराने सरकारने भरली.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलास विरुद्ध नन्हकू या प्रकरणात सांगितलं की ९० दिवसांची मर्यादा सामान्य दाव्यात मार्गदर्शक आहे, अपवादात्मक परिस्थितीत कोर्ट ती वाढवू शकतं. त्याच वर्षीच्या सेलम बार असोसिएशनच्या निकालात तीन तहकुब्यांच्या नियमालाही आवाक्याबाहेरच्या परिस्थितीसाठी वाट ठेवली गेली. न्यायाच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. आजारी पडलेल्या माणसाची बाजूच ऐकायची नाही, असं कसं चालेल? पण 'अपवादात्मक' म्हणजे काय, हे प्रत्येक प्रकरणात ठरवायचं काम मात्र खालच्या कोर्टाच्या बोर्डावर आलं. याउलट २०१५ च्या वाणिज्य न्यायालयांच्या कायद्यात १२० दिवसांनंतर कैफियत घेण्याचा अधिकारच काढून घेतला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. तिथे विलंब माफीचं उपकथानक संपलं. पक्की रेघ सरकारला स्वस्त पडते. तिची किंमत पक्षकार चुकवतो. लवचीक रेघेचं उलटं आहे. दोन्हीपैकी काय निवडायचं हा धोरणाचा प्रश्न आहे, पण फुकट काहीच नाही.

सरतपासाचंही तसंच. पूर्वी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगायचा, न्यायाधीश सांगतील तसं स्टेनो टंकायचा. आता वकिलाच्या ऑफिसात वीस-पंचवीस परिच्छेदांचं प्रतिज्ञापत्र तयार होतं. कोर्टाचे तास वाचले, ते ओझं वकिलाच्या ऑफिसकडे आणि तिथून पक्षकाराच्या बिलात गेलं. मात्र प्रतिज्ञापत्र वकिलाने लिहिलेलं असल्यामुळे त्यात सगळा दावाच उतरतो, आणि उलटतपास घेणाऱ्याला एकेक परिच्छेद खोडून काढावा लागतो. वाचलेले काही तास उलटतपासात परत खर्ची पडतात.

हा अनुभव आपलाच आहे असं नाही. अमेरिकेने १९९० मध्ये संघीय न्यायालयांतल्या दिवाणी दाव्यांचा खर्च आणि विलंब कमी करण्यासाठी कायदा केला. निवडक न्यायालयांत प्रयोग झाले, आणि रँड या संशोधन संस्थेने १९९६ मध्ये त्यांचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. एकूण कार्यक्रमाचा खर्चावर आणि वेळेवर फारसा परिणाम दिसला नाही. न्यायाधीशाने सुरुवातीपासून प्रकरण हातात घेतलं, तर निकाल लवकर लागत होता, पण वकिलांच्या कामाचे तास वाढत होते. इंग्लंडमध्ये लॉर्ड वुल्फ यांच्या शिफारशींवरून २६ एप्रिल १९९९ पासून नवे दिवाणी नियम आले. दावा दाखल करण्याआधीच कागदपत्रांची देवाणघेवाण सक्तीची झाली, आणि जो खर्च पूर्वी खटल्याच्या शेवटी व्हायचा तो सुरुवातीलाच होऊ लागला, अशी टीका पुढे बरीच वर्षं चालली.

पैसा येतो कुठून, थांबतो कुठे

जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा रोजचा खर्च राज्य सरकार उचलतं. इमारती आणि निवासस्थानांसाठी केंद्राची योजना आहे, त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असा वाटा. २०२१ मध्ये ही योजना २०२६ पर्यंत वाढवली गेली ती ९,००० कोटींची, त्यात केंद्राचे ५,३०७ कोटी. नाशिकलाही २०२५ मध्ये जुन्या दगडी इमारतीच्या जोडीला नवी बहुमजली इमारत मिळाली. ती हवीच होती. पण इमारतीची फीत कापता येते, स्टेनोच्या भरतीची येत नाही, आणि सरकारी पैशाचा ओढा कुठे असतो हे त्यावरून समजून घ्यावं.

संगणकीकरणावर झालेला खर्च मोठा आहे. ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा ९३५ कोटींचा मंजूर झाला, दुसरा १,६७० कोटींचा, आणि २०२३ मध्ये मंजूर झालेला तिसरा टप्पा चार वर्षांसाठी ७,२१० कोटींचा आहे. त्यातले २,०३८ कोटींहून अधिक फक्त जुनी-नवी कागदपत्रं स्कॅन करून जपण्यासाठी आहेत. या पैशातून पक्षकाराला जे मिळालं ते अगदी खरं आहे. प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की येवल्यात बसून पुढची तारीख कळते, आदेशाची प्रत निघते. एक फुकटचा हेलपाटा वाचला. पण तारखांची संख्या त्याने कमी होत नाही. तारीख कधी आहे हे लवकर कळतं, एवढंच.

एकरकमी पैसा आणि दरवर्षीचा पैसा, या दोहोंमधला फरक लक्षात घेतला नाही की सुधारणा अर्ध्यावर अडकते. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २००० मध्ये १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी रुपये मंजूर झाले. केंद्राची मदत पुढे वाढवत नेली आणि ३१ मार्च २०११ ला थांबली. त्यानंतर ती न्यायालयं ठेवायची की गुंडाळायची, हे प्रत्येक राज्याने आपली तिजोरी बघून ठरवलं. ग्रामन्यायालयांचंही तेच. प्रत्येकी १८ लाख सुरुवातीचा खर्च आणि पहिली तीन वर्षं वर्षाला ३ लाख २० हजारांपर्यंत मदत, मग राज्याने बघायचं. तीन वर्षांत गावातली भांडणं संपत नाहीत.

पैसा असूनही खर्च न होण्याचा प्रकार वेगळा. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेला ५,००० कोटी देऊ केले होते. सकाळ-संध्याकाळची न्यायालयं, लोकअदालती, तडजोड केंद्रं, न्यायाधीशांचं प्रशिक्षण, कोर्ट मॅनेजर. यातला मोठा भाग राज्यांनी वापरलाच नाही. संध्याकाळच्या कोर्टाला न्यायाधीश कुठून आणायचे, दिवसभर राबलेल्या कर्मचाऱ्यांनी पुन्हा थांबायचं का, वकील येतील का, हे प्रश्न पैशाने सुटणारे नव्हते.

माझ्या मते सगळ्यांत कमी पैशात सगळ्यांत जास्त काम देणारी गोष्ट कुठली, याचं उत्तर केंद्राच्याच आर्थिक पाहणीत सापडतं. २०१८-१९ च्या पाहणीत हिशेब मांडला होता की, दरवर्षी जेवढी प्रकरणं येतात तेवढी निकाली काढायची असतील, तर कनिष्ठ न्यायालयांत आणखी फक्त २,२७९ न्यायाधीश पुरेत. त्या वेळी मंजूर असलेल्या रिक्त जागाच त्याहून जास्त होत्या. म्हणजे संहितेतला शब्दही न बदलता साठत जाणारा ढीग थांबवता आला असता. खालच्या न्यायालयांत आज चार कोटींहून अधिक प्रकरणं पडून आहेत, त्यातली एक कोटीहून जास्त दिवाणी. १९८७ मध्ये विधी आयोगाने दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असं सुचवलं होतं. आपण मंजूर पदं धरूनही २१ च्या आसपास आहोत.

आधी गर्दी मोजा

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी नाशिककर रोज बघताहेत. किती भाविक येतील, किती घाट, किती बस, किती शौचालयं, हा अंदाज आधी निघतो आणि मग निधी मागितला जातो. नवा कायदा करताना कोर्टात किती गर्दी होईल, याचा असा अंदाज निघत नाही. सेलमच्याच निकालातून ही गोष्ट पुढे आली. त्यानंतर न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला, आणि त्याने २००८ मध्ये अहवाल दिला. शिफारस सरळ होती. प्रत्येक विधेयकासोबत त्यामुळे किती नवी प्रकरणं येतील आणि त्यासाठी किती न्यायाधीश, कर्मचारी व पैसा लागेल याचा अंदाज जोडावा. ही पद्धत आपल्याकडे रुजली नाही.

अंदाज न काढल्याचं उत्तम उदाहरण दिवाणी नव्हे, फौजदारी बाजूचं आहे, पण मूळ दुखणं पैशाच्या देण्याघेण्याचंच. चेक न वटणं हा १९८८ च्या दुरुस्तीने गुन्हा झाला. द्राक्षाचा माल उचलून चेक देणारा आणि नंतर फोन न उचलणारा व्यापारी पिंपळगावला नवीन नाही. वसुलीचा दिवाणी दावा लावला तर रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आणि वर्षानुवर्षं वाट. चेकच्या केसमध्ये धाक जास्त. साहजिकच लोक तिकडे वळले, आणि २०१९ अखेरीस देशात अशी ३५ लाखांहून अधिक प्रकरणं साठली होती. दिवाणी कोर्ट संथ असल्याची किंमत फौजदारी कोर्टाच्या बोर्डावर चढली.

फी कुणी भरायची?

कोर्ट फी वाढवून खर्च भागवावा, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये कमाल कोर्ट फी ३ लाखांवरून १० लाखांवर गेली. पण गरजूंना सूटही आहे. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार, घटस्फोट अशा प्रकरणांत महिलांना राज्य सरकारने १९९४ मध्ये कोर्ट फी माफ केली. लोकअदालतीत तडजोड झाली की भरलेली फी परत मिळते, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणजे सरकार एक उत्पन्न सोडतं आणि त्या बदल्यात उरलेला पुरावा, युक्तिवाद, निकालपत्र आणि वरची दोन अपिलं वाचवतं. या सगळ्या प्रकारात सरकारी पैशाचा इतका चांगला सौदा दुसरा नाही.

दुसऱ्या टोकाला खोटा दावा लावणारा. कलम ३५अ नुसार खोट्या, त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई म्हणून कोर्ट जास्तीत जास्त ३,००० रुपये लावू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ही मर्यादा निरुपयोगी झाल्याचं सांगून ती एक लाखावर नेण्याची सूचना केली. वाणिज्य दाव्यांसाठी नियम बदलला, साध्या दाव्यांना तो जुनाच आहे. पाच वर्षं कोर्टाचा वेळ खाऊन तीन हजारांत सुटका होत असेल, तर वेळकाढूपणाला सरकारी अनुदानच मिळतंय म्हणायचं.

हुकूमनाम्यानंतर

प्रक्रिया सुधारणेची चर्चा बहुतेक वेळा निकालापाशी थांबते. गावाकडच्या माणसाचं खरं काम तिथून सुरू होतं. हुकूमनामा हातात आला की तो अमलात आणण्यासाठी दरखास्त लावावी लागते, आणि तिला पुन्हा समन्स, पुन्हा हरकती, पुन्हा तारखा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयासमोर आलेली आकडेवारी अशी की, देशात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून आहेत, आणि त्यातल्या सर्वाधिक, सुमारे ३ लाख ४१ हजार, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत.

शेतजमिनीच्या वाटपात आणखी एक वळण आहे. सारा बसणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट स्वतः करत नाही. कलम ५४ प्रमाणे हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे, आणि मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे. भूकरमापक यायचा त्या दिवशी एक भाऊ हरकत घेतो, किंवा उभं पीक असतं, किंवा पोलीस बंदोबस्त मिळत नाही. भूकरमापकाचा पगार, त्याचं मोजणीयंत्र, बंदोबस्ताचे पोलीस, यातलं काहीच न्यायालयांच्या खर्चात दिसत नाही. ते महसूल आणि गृह खात्याच्या हिशेबात असतं. न्यायालयांना कितीही निधी दिला तरी या रांगेतला एक माणूस वाढत नाही, आणि निफाडच्या वाटपाला मोजणीची जी तारीख मिळते ती भूमी अभिलेख कार्यालय देतं. तिथे संहितेतले ३० दिवस, ९० दिवस किंवा तीन तहकुब्या यांपैकी काहीही लागू नाही.